ताईतून मेहुणा वजा

स्वतः लिहिलेलं स्वतःलाच न कळणारी माणसं कवींमध्ये पुष्कळ सापडतात. पण त्या एका गोष्टीपायी उतारवयात हाय खाल्लेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बहिणीचा नवरा निघाला.

आमचे दाजी जालन्यात, मस्तगडला राहतात. बियाण्यांच्या एका लहानशा कंपनीत त्यांनी वीस-बावीस वर्षं कॉम्प्युटर सांभाळला. प्रयोगशाळेत ओल्या कागदात दाणे गुंडाळून ठेवायचे, किती उगवले ते मोजायचं, आणि बियाण्याचा तो ढीग विकायला पास की नापास हे दाजींच्या प्रोग्रामने सांगायचं. तो प्रोग्राम त्यांनी एकट्याने लिहिलेला. थोडक्यात लिहिणं हा त्यांचा धर्मच होता. "लांब नाव ठेवणं म्हणजे आळशी डोक्याचं लक्षण," असं ते म्हणत. वाण्याची यादीसुद्धा ते एकेका अक्षरात लिहीत. एकदा 'सा' म्हणजे काय हे दुकानात पोहोचेपर्यंत विसरले आणि घरी पाहुणे बसलेले असताना साखरेऐवजी साबण घेऊन आले. ताईने कपाळाला हात लावला, दाजी म्हणाले, "यादी बराबर होती, वाचणारा चुकला." वाचणारेही तेच होते, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. प्रोग्राममध्येही तोच कारभार. आधी अ, ब, क वापरले. अक्षरं संपली तेव्हा घरातली नाती नावं म्हणून कामाला लावली.

मी पुण्यातली नोकरी सोडून जालन्याला परत आलो आणि दाजींच्याच कंपनीत लागलो, तेव्हा कंपनीने सोयाबीनचा एक नवा नियम प्रोग्राममध्ये घालायचं काम आम्हा दोघांना सांगितलं. दाजींनी चष्मा पुसून स्क्रीनकडे बराच वेळ पाहिलं.

"कोणत्या गाढवानं लिहिलंय रे हे?"

"दाजी, तुम्हीच लिहिलंय."

"मी? कधी?" आणि मग अगदी बारीक आवाजात, "काहीच समजून न्हाई राह्यलं रे."

तीन दिवस आम्ही त्या जंगलात फिरत होतो. एका ठिकाणी ओळ सापडली : ताईतून मेहुणा वजा. मला हसू फुटलं. दाजीही हसले. "काढून टाक. तुझ्यावर चिडलो असंन तव्हा, मस्करीत लिहिलं असंन." मी ओळ काढली. प्रोग्राम कुरकुर न करता चालला. नव्या नियमासकट पास-नापासच्या पावत्या छापल्या गेल्या, आणि आम्ही चहा प्यायलो.

पाचव्या दिवशी प्रयोगशाळेतल्या नसीम आपा तरातरा आत आल्या. दाणे मोजण्यात त्यांची हयात गेलेली. त्यांनी हातातला ट्रे टेबलावर आदळला. कोंबांवर पांढरी-काळी बुरशी चढलेली, वास खोलीभर. "भाईसाब, तुमची मशीन याला पास म्हणून राह्यली. हा तर सगळा सडलाय!"

दाजींचा चेहरा उतरला. आता त्यांना आठवलं. ताई म्हणजे कोंब फुटलेले दाणे. आणि कोंब फुटून वर बुरशी खाल्लेले, म्हणजे मोजणीतून वजा करायचे दाणे, त्यांना नाव दिलं होतं मेहुणा. म्हणजे इतकी वर्षं मी बुरशी होतो. पण त्याबद्दल रुसायला वेळ नव्हता. कुजका माल पास होऊन सकाळीच टेम्पोने वडीगोद्रीच्या दुकानात गेला होता.

मोटरसायकलवर मी पुढे, दाजी मागे. दुकानात सगळा माल जागेवर होता, फक्त एक पिशवी विकली गेली होती. पत्ता काढत आम्ही शेतात पोहोचलो तेव्हा ती घेणारा शेतकरी बांधावर भाकरी खात होता. पेरणीची तिफण बाजूला आडवी पडलेली. "झालं की पेरून," तो समाधानाने म्हणाला.

दाजींनी सगळं खरं सांगितलं. बदली पिशवी त्याच्यापुढे ठेवली आणि हात जोडले. त्याने पिशवी आपल्याकडे ओढली. "पुन्हा पेरू मंग. तुम्ही सांगाया आले, हेच लई झालं. बसा, भाकर खा." त्याने शिव्या दिल्या असत्या तर दाजी सावरले असते.

दुसऱ्या दिवसापासून दाजींनी प्रोग्राम पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहायला घेतला. आता नावं अशी : 'कोंब फुटलेले पण बुरशी लागलेले दाणे'. प्रत्येक भागाच्या वर तो का आहे हे दोन ओळींत. पान झालं की छापून नसीम आपांपुढे ठेवायचं. त्यांना कॉम्प्युटरातलं ओ की ठो कळत नव्हतं. म्हणूनच दाजींनी त्यांना परीक्षक नेमलं होतं. आपा अडखळल्या की पान फाडायचं. "आपांना समजलं तरच पुढं," हा नियम. माणूस एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेला. वाण्याच्या यादीतही 'साखर, चहात घालायची, धुवायची न्हाई' असं लिहू लागला. ताई म्हणाली, साबण बरा होता.

काम पाऊण झालं आणि कंपनी विकली गेली. नव्या मालकांनी आपला प्रोग्राम आणला. दाजींना निरोपाची शाल मिळाली, आपांनाही मिळाली. त्या अंबडला लेकीकडे राहायला गेल्या. दाजी आठ दिवस नुसते पंख्याखाली पडून होते. नवव्या दिवशी उठले आणि राहिलेला पाव भाग लिहायला बसले.

माझा धीर सुटला. "दाजी, कोण चालवणार हे? कोण वाचणार?"

"न्हाई वाचलं तर न्हाई," ते मान वर न करता म्हणाले. "पर कुणी उघडलंच, तर त्यानं माझ्यावानी बसून राहू नये."



गेल्या महिन्यात शेवटची पानं झाली. ती घेऊन आम्ही एसटीने अंबडला गेलो. आपांनी ओसरीवर बसून, बोट ठेवत ठेवत, सगळी पानं वाचली. कुठेही अडल्या नाहीत. "बिलकुल साफ झालंय, भाईसाब," त्या म्हणाल्या. मग पानं जुळवता जुळवता हळूच विचारलं, "पर आता हे लावणार कुठं?"

दाजी हसले. "लावायचं कुठंच न्हाई, आपा. झालं, एवढंच."

परतीच्या गाडीत त्यांना खिडकीशी जागा मिळाली. गाव मागे पडायच्या आतच त्यांचा डोळा लागला. पानं मांडीवर मोकळीच होती आणि खिडकीची काच काही केल्या बंद होईना. मग जालना येईपर्यंत मी त्या पानांवर हात दाबून बसलो.