प्लास्टरच्या बाईचे खिळे

अब्बांनी आयुष्यभर पीओपीची छतं केली. रत्नागिरी सोडल्यापासून ते दुबईच्या करामा भागातच राहतात, आणि कुणाकडेही गेले की चहाआधी वर बघतात.

मी एका संग्राहकाच्या गोदामात काम करते. वस्तूंची नोंद ठेवायची, फोटो काढायचे, हवेतला दमटपणा तपासायचा. संग्रहात एकोणिसाव्या शतकातली युरोपीय शिल्पं बरीच आहेत. त्यांतला एका बाईचा प्लास्टरचा अर्धपुतळा हलवताना बैठकीचा कोपरा उडाला. तज्ज्ञ परदेशातून यायला दोन महिने होते. मी म्हटलं, प्लास्टर म्हणजे प्लास्टर. घरात कारागीर असताना काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला? ही अक्कल माझीच.

अब्बा शनिवारी आले. कोपरा त्यांनी तासाभरात असा जोडला की सांधा मला सापडेना. मग मी फोनवर बोलायला बाहेर गेले. परत आले तर बाईचा चेहरा गुळगुळीत. कपाळावर, गालांवर, हनुवटीवर बारीक खिळे होते, ते पुट्टीखाली गेले होते. मधल्या पेन्सिलीच्या फुल्या पॉलिश पेपरने घासून काढलेल्या. छतात स्क्रूचं डोकं दिसलं तर ते बुजवल्याशिवाय अब्बांना जेवण जात नाही.

"खिळे तसेच सोडलेले कुणीतरी," ते म्हणाले. "फिनिशिंगच नाही. आता सुकलं की खलास, कळणारपण नाही."

त्या खुणा फिनिशिंग राहिल्याच्या नव्हत्या. त्या काळी शिल्पकार पुतळा मातीत घडवायचा, त्यावरून प्लास्टरचा नमुना व्हायचा. संगमरवर कोरायचे ते पगारी कारागीर. नमुन्यावर खिळ्यांनी आणि फुल्यांनी जागा ठरवायच्या, सुई बसवलेल्या चौकटीने एकेका जागेची खोली मोजायची, आणि तेवढंच भोक दगडात पाडायचं. शेवटचा हात शिल्पकार फिरवायचा, तोही फिरवला तर. सही मात्र त्याची. आमच्या बाईची किंमत होती ती या खुणांमुळे. एरवी तिच्यात विशेष काही नाही. चेहऱ्यावरून तर तिला उकडत असावं.

नोकरी गेली असती तर व्हिसाही गेला असता. पण त्याहून जास्त भीती वाटली ती अब्बांना सांगायची. तरी सगळं सांगितलं.

"म्हणजे मिस्त्री लोकांच्या खुणा होत्या," ते म्हणाले. "आम्हीपण लाइन मारतो ना छतावर. पण आम्ही पुसतो, बेटा."

"या पुसायच्या नव्हत्या, अब्बा. दे वर सपोज्ड टू स्टे."

पुढे हात लावू नका, असं म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही. पुट्टी ओली होती. चष्मा काढून, बोटाने चाचपत, त्यांनी ओल्या कापडाने खिळा न् खिळा मोकळा केला. एकही जागा चुकली नाही. फुल्या मात्र गेल्या त्या गेल्याच.

पुढे तज्ज्ञाने फक्त स्वतःच्या कपाळाला हात लावला आणि माझी नोकरी टिकली, पण हे त्या दिवशी माहीत नव्हतं. मी लॅपटॉपवर दुरुस्तीचा फॉर्म उघडला. त्यात झालेलं नुकसान लिहायचं असतं आणि काम करणाऱ्याचं नाव. मी माझं नाव टाइप करायला लागले.

"माझं लिही," अब्बा म्हणाले. "पासपोर्टवर आहे तसं, पूर्ण."

"चूक माझी आहे. मी बोलावलं तुम्हाला."

"बोलावलंस तू. घासलं कुणी?"

मी लिहिलं. दुबईत त्यांनी केलेल्या शेकडो छतांपैकी एकावरही त्यांचं नाव नाही. मला फार वाईट वाटलं, आणि वर बघायचं धाडस झालं नाही. त्यांनी चष्मा लावून एकेक अक्षर तपासलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "आता खाली कोपऱ्याचंपण लिही. तो चांगला झालाय."