बाथरूमची कडी

बाबांना नारायण पेठेतून माझ्या धायरीच्या फ्लॅटवर आणलं आणि आमचं पहिलं भांडण झालं ते बाथरूमच्या कडीवरून. पेठेतल्या मोरीत ते घसरून पडले होते, मांडीच्या हाडात सळई बसवावी लागली होती. पुन्हा पडले तर उठणं अवघड आहे, असं डॉक्टरांनी बजावलेलं. म्हणून मी म्हटलं, "बाबा, आतून कडी लावत जाऊ नका." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "त्यापेक्षा खाली पार्किंगमध्येच पाट मांड ना. येणाऱ्या-जाणाऱ्यांचीही सोय होईल."

शेवटी तह झाला. कडी लावायची, पण मी बाहेरून टकटक केली की त्यांनी तांब्या बादलीवर वाजवायचा. प्लॅस्टिकच्या बादलीचा आवाज येईना, म्हणून स्टीलची आणली.

पेठेत आमचं दार कधी कुणी असं वाजवलंच नाही. ते दिवसभर सताड उघडं. येणारा नुसती कडी खुळखुळवायचा, "आहे का कोणी?" म्हणायचा आणि उत्तराआधी आत येऊन टेकायचा. वाजवून बघायची ती माणसं नव्हेत, माठ आणि नारळ. बाबा मंडईत एकेका नारळावर टिचक्या मारायचे, कानाशी धरून हलवायचे, नारळवाला वैतागला तरी ढिम्म हलायचे नाहीत. "मुका नारळ घ्यायचा नसतो," म्हणायचे. इथे धायरीत सगळे बेल दाबतात, तेही बहुतेक पार्सलवाले.

माझं ऑफिस हडपसरला. तिकडे जायचं असेल तर बाबांची आंघोळ उरकूनच निघायचं, आणि घरून काम असलं की मीटिंगमधून उठायचं. माईक बंद करायचा, दार वाजवायचं, आतून ठण्ण झालं की परत येऊन बसायचं. कधी तांब्याऐवजी आवाज यायचा, "आहे अजून! ऑफिसात कळवून टाक." मला हसूसुद्धा यायचं नाही. रात्री झोपेतही माझे कान त्या दाराला लागलेले असायचे. मी थकले होते, अगदी पार थकले होते.

परवा टकटक केली, उत्तर नाही. पुन्हा केली. नाही. मग मी दोन्ही हातांनी दार बडवायला लागले. मुका नारळ, मुका नारळ, एवढंच डोक्यात. शेजारच्या काकू धावत आल्या. तेवढ्यात कडी निघाली आणि टॉवेल गुंडाळलेले बाबा दारात उभे. "डोक्याला साबण होता. तांब्या सापडेना."

काकू गेल्या आणि मी फुटलेच. "मला कंटाळा आलाय हो बाबा! या दाराबाहेर उभं राहायचा कंटाळा आलाय मला!" ते वॉकर सरकवत खोलीत गेले, कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडले. मी त्यांचा वॉकर नेहमीसारखा कोपऱ्यात नेऊन ठेवला आणि आंघोळीला गेले. आत जाऊन कडी लावली. या घरात मला लावता येईल अशी तेवढी एकच कडी होती. नळ सोडला, त्यांच्या स्टुलावर बसले आणि रडले. मग रडणंही थांबलं, तरी उठवेना. बादली भरून वाहत राहिली.

दारावर टकटक झाली. अगदी हलकी.

खोलीपासून इथपर्यंत नुसती भिंत, धरायला काही नाही. मी नळ बंद करून ओरडले, "बाबा! वॉकर कुठाय? एकटे कसे आलात? पडला असतात म्हणजे!"

"ते नंतर बोल," बाहेरून धाप लागलेला आवाज आला. "आधी तांब्या वाजव."