सेंट्रिफ्यूजला कुंकू

काल्हेरच्या गोदामात एका बाजूला कुरिअरची खोकी, दुसऱ्या बाजूला आमची लॅब. स्वस्तातल्या सोलर सेलसाठी आम्ही शिशाचे स्फटिक बनवतो, इतके बारीक की बाटलीत नुसतं पिवळट पाणी दिसतं. त्यावर यूव्ही बॅटरी मारली की हिरवंगार पेटतं. पहिल्यांदा पेटलं तेव्हा मी येड्यासारखी नाचले होते. पण शिसं पोटात गेलं तर विष, म्हणून नियम मीच दारावर चिकटवलेला: आत खायचं नाही, ग्लोव्ह्ज काढायचे नाहीत.

दसऱ्याला मशीनची पूजा झालीच पाहिजे, असं नवऱ्याचं म्हणणं. गोदाम त्याच्या बापाचं, मग काय बोलणार! सहा वर्षांच्या लेकीलाही त्याने आणलं. मी ग्लोव्ह्ज घालूनच ताट उचललं, तर म्हणाला, "देवाच्या कामाला रबरी हात? काढ ते. असं न्हाय चालायचं." आणि मी, एमएस्सी झालेली शहाणी, नुसत्या बोटांनी ओढून काढले. सेंट्रिफ्यूजच्या, म्हणजे बाटल्या गरागरा फिरवणाऱ्या मशीनच्या, झाकणाला हळदकुंकू लावलं, त्याच बोटाने लेकीच्या कपाळाला. मग तिला पेढा भरवला.

पूजा आटोपल्यावर तिला गंमत दाखवायची म्हणून शटर खाली ओढून दिवे घालवले आणि बॅटरी लावली. झाकणावर माझी बोटं उमटली होती, हिरवी. हळद असेल, मी स्वतःला सांगितलं, हळदही चमकते. पण हळद पिवळी चमकते. बॅटरी लेकीकडे वळवली. कपाळावर हिरवा ठिपका, ओठ हिरवे. ती खुदकन हसली, तर जिभेवरही तेच. अंधारात चेहरा दिसतच नव्हता, नुसतं तोंड हसत होतं.

"आई, तुझा हात बघ ना! भुताचा!"

"थुंक! थुंक आधी!" मी इतक्या जोरात ओरडले की तिने भोकाडच पसरलं. नळाखाली धरून तिचं तोंड खसाखसा घासलं, ती हातपाय झाडत राहिली. नवरा दाराशी उभा होता. त्याच्यावर चिडायचं होतं, पण बोट माझं होतं.

भिवंडीत तिचं रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, शिसं वाढलेलं नाही, घाबरू नका. दवाखान्याच्या जिन्यातच मी रडले.

लेक मात्र तेव्हापासून माझ्या हातचा घास घेत नाही. रुसत नाही, रडत नाही, फक्त ओठ घट्ट मिटून घेते. वरणभात मी चमच्याने कालवते आणि ताट नवऱ्याकडे सरकवते.