दोरीच्या दुसऱ्या टोकाला

“देवावर सोडा” हे मी गेल्या वर्षभरात इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं, की शेवटी मला त्याचा अर्थच कळेनासा झाला. पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण सफरचंदांची पिशवी टेबलावर ठेवायचा, पलंगाकडे बघून चुकचुकायचा आणि निघताना हेच म्हणायचा. मी मान हलवायची. मनात मात्र विचारायची, सोडायचं म्हणजे नेमकं काय करायचं? व्यायाम करायचा की नाही? दुखलं तर थांबायचं की पुढं जायचं? देवावर मी रागावले नव्हते. मला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि सांगणाऱ्यांपैकी कुणालाच ते सांगता येत नव्हतं.

राग यायला कारण होतं म्हणा. मी पडले तीच मुळी आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या दारात. सोमवारी कॉलेजच्या ऑफिसातून सुटलं की दर्शन घेऊन घरी जायचं, हा माझा लग्नाआधीपासूनचा नेम. त्या संध्याकाळी तळ्याकाठच्या ओल्या पायरीवर चप्पल सरकली आणि घोट्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पट्टी आणि स्क्रू बसले. सासूबाई म्हणाल्या, “मोठ्या संकटातून सोडवलं गं त्यानं.” मला वाटलं, त्याच्याच दारात पडले, आता कुणापासून कुणी सोडवलं म्हणायचं?

चाळिशी उलटल्यावर मी पळायला लागले होते. आधी तळ्याभोवती चालायची, मग थोडं धावायची, आणि हळूहळू अर्धमॅरेथॉनपर्यंत मजल गेली. आमच्या इथला पळणाऱ्यांचा गट जानेवारीत सलग दोन दिवस दोन अर्धमॅरेथॉन घेतो. शनिवारची शहरातून, रविवारची अक्कलकोट रस्त्याला बाहेर जाऊन परत. दोन्ही पुऱ्या करणाऱ्यांना जोडपदक मिळतं. पडले त्या वर्षी मी नाव घातलं होतं आणि ते तसंच राहून गेलं. या वर्षी पुन्हा घातलं. डॉक्टर म्हणाले, “हाड छान जुळलंय. पळा. पण टोचल्यासारखं दुखलं, तर तिथंच थांबायचं.” आमचे हे पळण्यातले नाहीत, सकाळी पेपर वाचण्यातले. ते फक्त एवढंच म्हणाले, “एक पुरे नाही का?”

खरं सांगायचं तर एक शर्यत मी दम धरून, दातओठ आवळून पुरी केली असती, हे मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी थकलेल्या, दुखऱ्या पायानं उभं राहिल्यावर काय होतं, ते मला बघायचं होतं. माझं बळ संपतं तिथून पुढं काही असतं का?

शनिवार बरा गेला. सावकाश पळाले, घोटा सांभाळत, प्रत्येक खड्डा आधी बघत. अंतिम रेषा ओलांडली तेव्हा आनंदापेक्षा सुटकाच जास्त वाटली. संध्याकाळी घोटा सुजला. बर्फाचा शेक देत मी देवघरासमोर पाय लांब करून बसले आणि म्हटलं, जायचं का उद्या, तूच सांग. काहीच झालं नाही. समईची ज्योत जरा हलली, पण पंखा चालू होता. ह्यांनी सोफ्यावरून विचारलं, “काय म्हणतोय?” मी म्हटलं, “काहीच नाही.” “मग उद्या सुरुवात तर कर. मध्येच थांबायला कुणाची परवानगी लागत नाही.”

रविवारी थंडी चांगलीच होती. सूज उतरली होती, पण पाय रात्रभर लाकूड झाल्यासारखा होता. सुरुवातीचं अंतर मी बरं काढलं. शहर मागं पडलं, दोन्ही बाजूंना ज्वारीची रानं लागली आणि मग डावा पाय टेकला की आतून कळ यायला लागली. टोचल्यासारखी नाही, दाबल्यासारखी. ही थांबायची कळ आहे की घाबरायची, हे मला ठरवता येईना. एक पाय आखडून पळू लागले तशी कंबरही बोलायला लागली. पुढं पाण्याचं टेबल दिसलं तेव्हा मी ठरवलं, आता बास. छातीवरच्या नंबरच्या पिना काढायला हात घातला.

टेबलाशेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीत एक गृहस्थ बसले होते, पस्तिशीचे असतील. छातीवर नंबर, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात वीतभर लांबीची जाड दोरी, तिला दोन्ही टोकांना फास. शेजारी एक जण पोट धरून जमिनीवर वाकला होता. टेबलावरच्या मुलीनं सांगितलं, की खुर्चीतल्यांना दिसत नाही, आणि त्यांना घेऊन पळणारा मावसभाऊ ओकाऱ्यांनी बेजार झालाय. गाडी बोलावलीय, दोघांनाही नेतील.

माझ्या बुटांचा आवाज थांबलेला त्यांनी ऐकला असावा. मान वळवून म्हणाले, “कोन हाय? पळताय का थांबलाय?”

“थांबलेय,” मी म्हटलं. “पाय दुखतोय.”

“बाई हायत व्हय? अक्का, लई दुखतोय का?”

“बराच.”

“मग हळू पळत असाल की.” ते उठून उभे राहिले. “मीबी हळूच पळतो. नेता का मला?”

मी गोंधळले. म्हटलं, मला हे येत नाही, मी कधी केलं नाही, तुम्हाला पाडीन. जमिनीवरचा मावसभाऊ त्याही अवस्थेत हात हलवून म्हणाला, “काय न्हाय हो, नुसतं सांगत राहायचं. डावीकडं, उजवीकडं, खड्डा, चढ. बाकी त्यो बगतोय.” मुलीनं कुणाला तरी फोन लावला, तिकडून होकार आला, आणि काय होतंय ते कळायच्या आत दोरीचा एक फास माझ्या बोटांत होता.

“नाव काय तुमचं?” मी विचारलं.

“सिद्धाराम. गाव मैंदर्गी.”

सिद्धाराम म्हणजे सिद्धेश्वराचंच नाव. सोलापुरात गल्लोगल्ली एक तरी सिद्धाराम सापडतोच, हे मलाही माहीत आहे. पण अंगावर काटा आला हेही खरं, आणि तो थंडीचा नव्हता.

आम्ही निघालो. सुरुवातीला मी इतकी धास्तावले होते, की बोलायचंच विसरले. समोर स्पीडब्रेकर आला, मी सवयीनं पाय उचलून गेले आणि सिद्धाराम अडखळले. पण ते पडले नाहीत, दोरीला हिसका बसला आणि सावरले. मी रडकुंडीला येऊन म्हटलं, “चुकलं हो माझं, थांबूया आपण.”

“आता कळलं न्हवं, कसं सांगायचं? बर्री अक्का, चला,” ते कानडी-मराठी मिसळून म्हणाले आणि पुढचं पाऊल आधीइतकंच लांब टाकलं.

त्या पावलाकडं मी बघतच राहिले. माझ्यामुळं ते आत्ता तोंडावर आपटले असते. तरी त्यांनी पाऊल आखडलं नाही, हात पुढं चाचपडला नाही, वेगही कमी केला नाही. एकदा पडल्यावर मी वर्षभर प्रत्येक फरशी संशयानं बघत चालत होते. हा माणूस मात्र एका अनोळखी, लंगडणाऱ्या बाईच्या आवाजावर आपला सगळा भार टाकून पळत होता. मला फार विचारावंसं वाटलं, म्हणून विचारलंच. “भीती नाही वाटत?”

“वाटती की,” ते म्हणाले. “पर भ्याला म्हणून रस्ता दिसतोय व्हय? पाय माजे, डोळे तुमचे. माजं काम मी करतो, तुमचं तुमी करा.”

मग त्यांचेच प्रश्न सुरू झाले. इतकं कुतूहल मी मोठ्या माणसात कधी पाहिलं नव्हतं. हा वास कसला, ज्वारी निसवली का, कणसं बाहेर पडली का? दाणा भरलाय का? ट्रॅक्टर गेला त्यात ऊस होता की कडबा? मघापासून कुत्रं मागं येतंय ते कसल्या रंगाचं? मी सांगू लागले. सांगायचं तर बघावं लागत होतं. कणसांवर बसलेले पक्षी, बांधावर शेकोटीभोवती बसलेली माणसं, कुंपणावर वाळत घातलेली हिरवी साडी. “हिरवी म्हंजे कसली हिरवी?” त्यांनी विचारलं, आणि मला ते किती तरी वेळ सांगता येईना. शेवटी म्हटलं, “कैरी खाल्ल्यावर तोंडाला जसं वाटतं, तसली.” ते मोठ्यानं हसले. गावात त्यांचं भावाबरोबर किराणा दुकान होतं. लहानपणी तापात डोळे गेले, पण कैरीचा रंग अजून आठवतो म्हणाले.

दोरी आखूड असल्यानं हातांची लय जुळवावी लागते, आणि हात जुळले की पायही जुळतात. त्यांचं पाऊल सरळ पडत होतं, त्याच्याबरोबर माझंही सरळ पडायला लागलं. लंगडणं कुठं थांबलं ते मला सांगता येणार नाही. कळ होती, अगदी शेवटपर्यंत होती. पण ती आता माझ्यासोबत पळणारी तिसरी कुणी तरी होती आणि तिच्याकडं बघायला मला सवड नव्हती.

अंतिम कमान दिसली तसं मी सांगितलं, “आली कमान.” “कशी हाय?” “केशरी, फुग्यांची. एका बाजूचे फुगे फुटलेत.” “चालतंय,” ते म्हणाले आणि दोरीला पुढं ओढ लागली. शेवटचा टप्पा त्यांनीच मला नेलं. लोक टाळ्या वाजवत होते. पदक गळ्यात पडल्यावर त्यांनी त्याच्यावरून बोटं फिरवली, मग माझ्या दिशेनं हात जोडले. मीही जोडले, आणि ते त्यांना दिसत नाहीत हे लक्षात येऊन म्हटलं, “हात जोडलेत हं मी.” “कळलं की, दोरी हलली,” ते म्हणाले. ती अजून आमच्या दोघांच्या हातात होती.

डॉक्टरांनी नंतर पाय तपासला. स्नायू दमलेत, हाडाला काही नाही म्हणाले. त्या दिवशी जे झालं त्याला काय म्हणायचं, ते मी ठरवलेलं नाही. मावसभावाचं पोट बिघडलं ही काही देवाची करणी म्हणवत नाही. पण मी पिना काढत होते तेव्हाच कुणी तरी “नेता का मला” असं विचारलं, आणि न्यायला निघालेली मीच नेली गेले. सिद्धेश्वराला मी अजूनही सोमवारी जाते, काही मागत नाही, हात जोडून जरा वेळ उभी राहते.

परवा एक प्रयोग केला. सकाळी मैदानावर ह्यांना बरोबर नेलं, माझ्या डोळ्यांवर ओढणी बांधली आणि दोरीचं एक टोक त्यांच्या हातात दिलं. म्हटलं, “तुम्ही सांगा, मी पळते.” तीस वर्षं ज्या माणसाबरोबर संसार केला, तो शेजारी होता आणि समोर नुसतं मोकळं मैदान. चार-पाच पावलांतच माझे हात आपोआप पुढं आले, पाय रोवले गेले. हे म्हणाले, “अगं, काही नाहीये समोर.” मला माहीत होतं. तरी पाऊल निघेना.

संध्याकाळी सिद्धारामना फोन करून ते सांगितलं. ते खो खो हसले. मग म्हणाले, “अक्का, मलाबी पैल्या दिवशी जमलं न्हवतं. उद्या परत बांदा की डोळे.”

दुसऱ्या दिवशी मी परत बांधले. आदल्या दिवसापेक्षा थोडी पुढं गेले.