तीस पत्त्यांतला म्हातारा

जगातली एकही वस्तू टाकून देण्यासारखी नसते, असं मनापासून मानणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला, आणि नशीब असं की तो माझा साडू निघाला. सगळं गेवराई त्यांना आप्पा म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. पेठेत त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. जुनं तांबं-पितळ मोडीत घ्यायचं आणि नवं स्टील द्यायचं, ही या धंद्याची साधी रीत. बाकीचे दुकानदार घागर काट्यावर ठेवतात, वजन करतात आणि मोकळे होतात. आप्पा आधी चष्मा लावतात आणि घागरीवर कोरलेलं नाव वाचतात. मग विचारतात, या कोण? बाई सांगते, आजेसासूबाई. घरात सगळ्यांना विचारलंय का? नणंदेला? पुन्हा एकदा विचारून येता का? असं तीनदा झालं की निम्म्या बायका घागर घेऊन घरी जातात आणि उरलेल्या समोरच्या दुकानात. आप्पांकडे मोड घालायची तर चार वारसांच्या सह्या लागतात असं पेठेत म्हणतात, ते काही अगदीच खोटं नाही. एवढं करून जी मोड येते ती भट्टीत न जाता माळ्यावर जाते. माळा आता इतका वाकलाय की आमच्या थोरल्या मेहुणीबाई त्याच्याखालून जाताना मान खाली घालतात. नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, काय विनयशील बाई आहे.

अशा माणसाच्या हाती, नवं एक आलं की जुनं एक काढावंच लागतं असा खेळ कुणी द्यावा? तो दिला त्यांच्या लेकीनंच. ती पुण्याला नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी आप्पा माळ्याच्या शिडीवरून पडले, पाय प्लास्टरमध्ये गेला, तेव्हा ती आठ दिवस येऊन राहिली आणि जाताना त्यांच्या मोबाइलवर पत्त्यांचा एक खेळ घालून गेली. पैसे लावायचा नव्हे. यातल्या पत्त्यांवर राजा-राणीऐवजी लांडगे, वाघिणी, जादूगार असतात. प्रत्येकानं आपले तीसच पत्ते निवडायचे; आप्पा त्याला कॅट म्हणतात. दर खेपेला थोडी ताकद मिळते, तेवढ्या ताकदीत परवडेल तो पत्ता टाकायचा. बाप-लेक जोडीनं खेळतात, समोर दुसरी जोडी. वेळ दुपारी दोनची, तिची जेवणाची सुट्टी आणि गेवराईच्या पेठेची डुलकी.

त्याआधी या दोघांचं फोनवरचं बोलणं मी कैकदा ऐकलं होतं. "जेवलीस का?" "जेवले." "बरं, ठेवतो." माया दोन्हीकडे उदंड, पण शब्दाला दोघंही कंजूष. खेळ सुरू झाला आणि फोन अर्धा-अर्धा तास स्पीकरवर राहू लागला. पत्ते टाकता टाकता खोलीवर पाणी येतं का, खोकला थांबला का, साहेब कसा आहे, सगळं आपोआप निघायचं. त्या अर्ध्या तासावर आप्पांचा जीव होता, हे मी स्वच्छ सांगतो. एकदा आम्ही सगळे कपिलधारला गेलो असता दर्शनाच्या रांगेत दोन वाजले. आमचा नंबर तिसरा. आप्पा रांग सोडून शांतपणे झाडाखाली जाऊन बसले आणि डाव संपवून पुन्हा शेपटाला उभे राहिले. देवाला काय उत्तर देणार, असं मेहुणीबाईंनी विचारलं. देवाला सुट्टीचं बंधन नाही, लेकीला आहे, असं म्हणाले.

पण कॅटात बदल करायची वेळ आली की या माणसाला अन्न गोड लागत नसे. नवा पत्ता मिळाला की ते त्याला आठ दिवस पाहुण्यासारखा नुसता बघत. बाकीच्या एकोणतीस जणांशी त्याचं जमेल का, याची सोयरीक जुळवावी तशी चौकशी चाले. एका वाघिणीची मुद्रा घरात शोभेल का, हे त्यांनी माझ्या बायकोला विचारलं होतं. एकदा सकाळी फोन आला, "गुरुजी, तातडीचं हाय, या." मी शाळेत रजा टाकली, बीडहून एसटीनं धावत-पळत गेलो, तर प्रश्न एका लांडग्याचा. ठेवावा की काढावा? काढा, म्हणालो. "कावून?" तीस वर्षं पोरांना कारणे द्या विचारतोय मी, पण मला एक कारण देता आलं नाही. लांडगा राहिला. मी चहा पिऊन परत आलो.

सगळ्यांत अवघड प्रकरण होतं म्हाताऱ्या पहारेकऱ्याचं. लेकीनं शिकवताना त्यांना मिळालेला हा पहिला पत्ता. तो स्वतः कुणाला मारत नाही की कुणाला अडवत नाही. नुसता कंदील घेऊन उभा राहतो, आणि तो आला की जोडीदाराचा पुढचा पत्ता स्वस्तात पडतो. पुढे खेळ काढणाऱ्यांनी नियम बदलले आणि म्हाताऱ्याला टाकायला दुप्पट ताकद लागू लागली. तेव्हापासून त्याला कुणीच ठेवेना. आप्पांनी ठेवला. त्याचा भाव कंपनीनं वाढवला, त्यात त्याचा काय गुन्हा, असं त्यांचं म्हणणं.

लेकीच्या ऑफिसातल्या दहा जोड्यांचं एक मंडळ होतं, आणि महिनाअखेर तळाची जोडी गळून तिच्या जागी नवी यायची. बाप-लेक सारखी नवव्या नंबरावर लटकलेली. एके दिवशी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी इंग्रजीत लिहिलं. मी नेमका दुकानात होतो, आप्पांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. मी मास्तर माणूस, जसंच्या तसं भाषांतर केलं: काकांना तो म्हातारा काढायचा नसेल तर त्यांनी जागा सोडावी, मुलीचं नुकसान होतंय. आप्पा बराच वेळ एक तांब्या पुसत राहिले. लेकीला विचारा, असं मी सुचवलं.

"ती राहू द्या म्हनंल, गुरुजी. तिला कोड्यात कशाला घालायचं? उद्या ती दुसरा जोडीदार बघंल अन् मला सांगायला लाजंल."

मग मीच म्हणालो, काढून टाका. हे पाप माझं आहे.

नुसता बाजूला ठेवला तर परत घालीन, म्हणून त्यांनी तो मोडायचंच ठरवलं. त्या खेळात पत्ता मोडला की त्याची भुकटी मिळते आणि तिच्यातून दुसरा पत्ता घडवता येतो. मोबाइलनं विचारलं, नक्की मोडायचा का? "एकदाच इचारतंय," आप्पा नाराजीनं म्हणाले. म्हणून ते स्वतःच दोनदा मागे गेले आणि तिसऱ्यांदा बोट टेकवलं. कंदील विझला. भुकटीतून एक तरणाबांड चित्ता आला. कुणीही वाहवा म्हणावं असा.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता मोबाइल परातींच्या चळतीला टेकवून डाव सुरू झाला. मीही थांबलो होतो. चित्त्यानं पहिल्याच उडीला समोरच्याचे दोन पत्ते लोळवले. आप्पांनी माझ्याकडे बघितलं, मी मान डोलावली. लेक मात्र काहीच टाकेना. एक खेप गेली, दुसरी गेली.

"आप्पा, म्हातारा कवा येनार?"

आप्पांनी चष्मा काढून पुसला.

"आप्पा, माझ्या हातात पाच मोठे पत्ते हायत. तो आल्याबिगर एक बी टाकता येत न्हाई."

जोडीदाराचे पत्ते या खेळात दिसत नाहीत, त्यामुळे आम्हाला कधी कळलंच नव्हतं. आप्पा तो म्हातारा सोडणार नाहीत हे ओळखून त्या पोरीनं वर्षभर स्वतःचे तीसच्या तीस पत्ते त्याच्या भोवती मांडले होते. सगळे महागडे, सगळे त्याच्या कंदिलाची वाट बघणारे. ग्रुपवर तिला जे ऐकावं लागलं असेल ते तिनं ऐकून घेतलं होतं, आणि बापाला अवघडल्यासारखं होईल म्हणून बोलली नव्हती.

"मोडला त्याला," आप्पा म्हणाले. "मला वाटलं, माझीच तुला अडचन व्हायली."

 

"इचारायचं तरी, आप्पा," ती म्हणाली. तिचा आवाज ओला झाला होता. आप्पांनी परातींची सरळच असलेली चळत उगाच सरळ केली. डाव हरला आणि महिनाअखेर जोडी मंडळातून गळाली.

म्हातारा पुन्हा घडवायला लागणारी भुकटी जमवायला आप्पांना दोन महिने लागले. त्यासाठी चित्ता मोडावा लागला, लांडगाही गेला, आणि या वेळी त्यांनी मला बोलावलं नाही. आता मंडळ नाही, नंबर नाही. दोघंच कुठल्यातरी अनोळखी जोड्यांशी खेळतात. परवा सहज विचारलं, कसा चाललाय खेळ.

"रोज हरतो," आप्पा समाधानानं म्हणाले. मग जरा थांबून हळूच म्हणाले, "पन हरलं तरी ती लगेच फोन ठेवत न्हाई, गुरुजी."

माझीही लेक नाशकात असते. घरी येताना एसटीत बसून मी तिला फोन लावला. जेवलीस का, विचारलं. जेवले, म्हणाली. मी ठेवतो म्हणणार होतो, पण म्हटलं नाही, आणि पुढं काय बोलावं ते आठवेपर्यंत गाडीनं बरंच अंतर कापलं होतं. तिनंही ठेवला नव्हता.