खोळींचा हिवाळा

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे व्हायच्या आतच मुलगी आमच्याकडे आली, आणि आली ती झोपायला. पाचवा महिना लागला होता. गोंदियाच्या डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, उठायचं ते न्हाणीपर्यंत, बाकी पडून राहायचं. याआधी तिची दोन गेली होती, पहिलं तिसऱ्या महिन्यात आणि दुसरं सातव्यात. हे तिसरं राहतं की नाही, एवढा एकच प्रश्न त्या हिवाळ्यात आमच्या घरात होता आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नव्हतं. आम्ही भाजी कसली करायची ते बोलायचो.

सौंदडला आमचं घर स्टेशनच्या अलीकडे आहे. पुढच्या खोलीत नवऱ्याचं किराण्याचं दुकान, मागे घर आणि त्याच्याही मागे सांदवाडी. परसाला आमच्याकडे सांदवाडी म्हणतात. पेरू, जास्वंद, वालाचा मांडव आणि कपड्यांची तार, इतकंच तिचं वैभव. मुलीचा पलंग आम्ही मागच्या खोलीत खिडकीला लावला, म्हणजे पडल्या पडल्या तिला निदान हिरवं दिसेल. धान घरात आलं की लोंब्यांची एक जुडी विणून दारावर टांगायची, ती पाखरांच्या वाट्याची, ही आमच्याकडची रीत. दरवर्षी ती पुढच्या दारावर असते. यंदा नवऱ्यानं, कोणी काही न सांगता, ती तिच्या खिडकीबाहेर टांगली. हा माणूस तीस वर्षांत स्वतःचा टॉवेल स्वतः वाळत घालायला शिकला नाही, पण हे मात्र त्याला सुचलं.

त्या दिवसांची मला आता नीट आठवण म्हणून येत नाही. एकच लांबलचक दिवस असावा तसं वाटतं. सकाळी धुकं पेरूच्या खालच्या फांदीपर्यंत उतरलेलं असायचं, मग ते कधी गेलं हे कळायचं नाही, आणि ऊन खिडकीतून आत येऊन तिच्या पायांवर बसायचं. मी तिच्या उशाशी टोपलीत दोरे घेऊन बसलेली. लोंब्यांवर चिमण्यांची झुंबड. चिमण्या गेल्या की मुनिया यायच्या, इतक्या लहान की लोंबी वाकायचीसुद्धा नाही. वालाच्या मांडवाखाली सातभाई पाचोळा उलटापालटा करत भांडायचे. त्यांना भाऊ कोण म्हणालं देव जाणे, मला तर त्या एका चुलीवरच्या सात जावा वाटतात. जास्वंदीत शिंजीर उलटा लटकायचा. स्टेशनात गाडी यायची, खिडकीचे गज जरासे थरथरायचे, सगळी पाखरं एकदम उडायची आणि गाडी पुढे गेली की एकेक करून परत यायची. तोवर मुलगी झोपलेली असायची. झोपेत तिचा हात पोटावर असायचा. मी त्या हाताकडे बघत राहायचे, तो पोटाबरोबर वर-खाली होतोय ना, एवढंच बघायचे. मग माझेही डोळे मिटायचे आणि पाखरांचा आवाज लांबून, कोणा दुसऱ्याच्या घरातून यावा तसा ऐकू यायचा. खरं सांगते, भीती एवढी होती तरी मी त्या दिवसांत सुखी होते. माझी मुलगी लग्नानंतर इतके दिवस माझ्या हाताशी कधी नव्हती.

पण हातांचं काय करायचं हा प्रश्न होता. हिवाळा आला की माझ्या बोटांना सुई लागते. गावातल्या निम्म्या गोधड्या माझ्या हातच्या आहेत, हे मी बढाई म्हणून सांगत नाही, बढाई म्हणूनच सांगते. आणि नेमकं यंदा शिवायचं होतं ते शिवता येत नव्हतं. येणाऱ्या लेकराचं काही आधी शिवून ठेवायचं नाही, दुपटं नाही, झबलं नाही, टोपरं नाही. लेकरू आलं, रडलं, मगच जुनी साडी फाडायची. आणि दिवस गेलेल्या बाईनं तर सुई-कात्रीला हातही लावायचा नाही. मी काही फार देवभोळी नाही. उपासाच्या दिवशी चाखून पाहते मी आमटी. पण दोन गेल्यावर कोणाची हिंमत होते हो?

म्हणून मी खोळी शिवायला घेतल्या. आधी उशांच्या. पांढऱ्या कापडावर रंगीत दोऱ्यानं खिडकीतली पाखरं भरायची, पंखांना भरीव टाका, शेपटीला साखळी, डोळ्याला एक गाठ. मुलगी पडल्या पडल्या चुका काढायची.

"आई, बुलबुलाच्या डोक्यावर काऊन लाल भरून राहिली? लाल बुडाखाली असते."

"मले शिकवू नको. मी तुझ्या आधीपासून पाहून राहिली बुलबुल."

मग बुलबुल आपणहून गजावर येऊन बसला, पाठ फिरवली आणि त्यानं निकाल दिला. मी दोरा उसवला. ती इतकी हसली की मी घाबरून म्हटलं, हळू हस बाई.

उशा संपल्या. मग मिक्सरला खोळ झाली, तिच्यावर दयाळ. गॅसच्या सिलिंडरला झाली, तिच्यावर पोपटांची रांग. टीव्हीला, शिलाई मशीनला, पाण्याच्या माठाला. एक दिवस नवऱ्याच्या दुकानातल्या काट्यालाही मी खोळ करून दिली, तिच्यावर दोन चिमण्या. तो काट्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत राहिला.

"आता मीच राहिलो," म्हणाला. "मलेही एक चढवून टाक. कोणता पक्षी काढशील?"

"घुबड," मी म्हटलं.

तो हसला, पण लगेच आत, मागच्या खोलीकडे पाहिलं त्यानं. मी एवढ्या खोळी कशासाठी शिवते आहे ते त्याला कळत होतं. घरातल्या प्रत्येक निर्जीव वस्तूला मी गुंडाळत सुटले होते. ज्याला गुंडाळायची इच्छा होती त्या लेकराचं नाव काढायची सोय नव्हती.

शेजारच्या मावशी दर दोन-चार दिवसांनी यायच्या. वयानं माझ्यापेक्षा मोठ्या, गावातली निम्मी बाळंतपणं पाहिलेल्या. येताना लाखोळीची कोवळी भाजी पदरात घेऊन यायच्या आणि ती ठेवायच्या आधी माझ्या मांडीवरचं कापड उचलून बघायच्या.

"हे कोनाचं व?"

"मिक्सरचं."

"मंग ठीक आहे." मापावरून त्यांची खात्री पटली की बसायच्या. रीत मोडली जाऊ नये म्हणून ही पहारेदारी होती, आणि मला तिचा राग येत असे, आणि आधारही वाटे. चूक झालीच तर धरायला कोणी तरी आहे, असं वाटायचं.

सातवा महिना लागला तसे आम्ही सगळे आणखी हळू चालायला लागलो. संक्रांतीच्या पुढेमागे एका दुपारी आभाळ भरून आलं होतं. ऊन नव्हतं म्हणून पाखरंही कमी. लोंब्यांत आता दाणे फारसे राहिले नव्हते, तरी एक चिमणी चिवटपणे त्यात चोच घालत होती. मी फ्रीजच्या दांड्याला खोळ शिवत होते. हो, दांड्याला. मुलगी बराच वेळ माझ्याकडे बघत होती.

"आई, तुझी ती पिवळी सुती साडी आहे काय अजून? मऊवाली."

"आहे. कायले पाहिजे?"

"फाड ती. दुपटं शिव."

मी दोरा दातानं तोडला आणि ऐकलंच नाही असं दाखवलं. ती थांबेना.

"पहिल्या वेळी तू काही शिवलं होतं काय?"

"नाही."

"दुसऱ्या वेळी?"

"नाही. असं आधी शिवत नसतात बाई."

"मग राहिले काय ते?"

मी तिला गप्प बस म्हणणार होते, पण तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, ते मला चांगलं जमतं. ती छताकडे बघत शांतपणे बोलत होती.

"दुसऱ्याले नेलं ना, तेव्हा मी पाहिलं होतं. तुम्हाले वाटलं मी गुंगीत आहे. दवाखान्याच्या हिरव्या फडक्यात गुंडाळून नेलं त्याले. एवढंसं होतं. त्याच्या अंगावर आपल्या घरचं काहीच नव्हतं, आई. आपण त्याच्यासाठी एक धागासुद्धा घेतला नव्हता. मी रोज तेच पाहत असते." मग तिनं माझ्याकडे मान वळवली. "या वेळी काहीही होवो. राहो, नाही तर जावो. जाताना तरी त्याच्या अंगावर तुझं काही असू दे."

मी रडले. ती रडली नाही. मी तिची आई, तिला जवळ घ्यायचं सोडून मीच तिच्या पांघरुणात तोंड खुपसून रडले आणि ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. इतकी वर्षं मी समजत होते की न शिवणं म्हणजे जपणं. तिला त्यात नुसतं रिकामपण दिसलं होतं.

पेटीतून साडी काढली. वीस वर्षं धुऊन धुऊन ती अशी झाली होती की फाडताना आवाजही झाला नाही. चार पदर एकावर एक घातले, पलंगावरच पसरले, तिच्या पोटावर एक टोक येत होतं. सुईत दोरा मी ओवला, पण पहिला टाका तिनं घातला. मी अडवलं नाही. तिला शिवण कधीच नीट आलं नाही, शाळेतही तिचा रुमाल मीच पुरा करून दिला होता. तिचा धावदोरा आमच्या गावच्या रस्त्यासारखा चालला होता.

आणि नेमक्या तेव्हाच मावशी आल्या. भाजी घेऊन दारात उभ्या. पिवळं कापड, त्याचं माप, आणि मुलीच्या हातातली सुई, सगळं त्यांनी एका नजरेत पाहिलं. "मिक्सरचं" असं माझ्या तोंडावर आलं होतं, ते मी गिळलं. मुलगीही थांबली नाही, शिवतच राहिली.

मावशींनी भाजी खाली ठेवली. पलंगाच्या कडेला बसल्या, दुपट्याचं टोक ओढून डोळ्यांजवळ नेलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"एवढाले टाके घालून राहिली काय व? लेकराचं बोट अडकते ना यात."

आणि त्यांनी तिचे टाके उसवले, माझ्या टोपलीतून दुसरी सुई काढली आणि बारीक टाके घालायला लागल्या. रीतीबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. बोट अडकेल म्हणाल्या. त्या घरात बोटं असलेलं लेकरू येणार आहे, हे त्या हिवाळ्यात प्रथमच कोणी तरी मोठ्यानं म्हटलं होतं. मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली, मग उशीवर मान टाकून अशी गाढ झोपली की चहा झाला तरी उठली नाही.

पुढचे दिवस आम्ही तिघींनी ते दुपटं पुरवून पुरवून शिवलं. त्यावर पाखरं भरली नाहीत, उलट्या बाजूच्या गाठी टोचतात अंगाला.

माघ संपायच्या आत, दिवस पुरे व्हायच्या जरा आधीच, तिला गोंदियाला न्यावं लागलं. दुपार होती. जावई वाटेत होते. नवरा दवाखान्याबाहेर चकरा मारत होता आणि मी आतल्या बाकावर पिशवी मांडीवर धरून बसले होते. दार उघडलं आणि एक नर्स बाहेर आली.

"घरचं कापड आणलं काय?"

कशासाठी, हे विचारायची ताकद माझ्यात नव्हती. तिच्या चेहऱ्याकडेही मी पाहिलं नाही. काहीही होवो, म्हणाली होती माझी मुलगी. मी पिशवीतून दुपटं काढून दिलं. नर्सनं ते बोटांत धरून पाहिलं आणि परत माझ्याकडे हात केला.

"हे तर एकदम पातळ आहे, मावशी. अजून एक द्या. थंडी वाजून राहिली तुमच्या नातीले."

मी अंगावरची शाल काढून तिच्या हातात दिली. मला थंडी वाजत होती की नाही, आठवत नाही.