कासवीन, धनेश अन् काकूंची वाटी

संग्रामपूरच्या स्टँडवर, चहाच्या टपरीपाशी, मी वानखडे गुरुजींची नक्कल करून राह्यलो होतो. धोतराचा सोगा झटकला, चष्मा कपाळावर ढकलला, "बापू, बसा खाली." लोकं पोट धरून हासत होते. तेवढ्यात सलीम शिंपी सायकल तशीच टाकून आला. "अबे, बंद कर. गुरुजी गेले." मी त्याईच्याच आवाजात विचारलं, "कुठं गेले बापू?" ...कोणी हासलं नाही. वर्गातच कोसळले होते, हातात खडू. दीड महिना झाला, माहं ते वाक्य अजून मलेच ऐकू येते.

सातवीत त्याईनं फळ्यावर दोन चित्रं काढली होती. एक समुद्रातली कासवीन, एक सातपुड्यातला धनेश पक्षी. समुद्र आमच्यातल्या कोणी पाह्यला नव्हता, गुरुजींनीबी नाही. कासवीन वाळूत अंडे पुरते अन् मांगं न पाहता निघून जाते. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत सोताले लिंपून कोंडून घेते, अन् नर बाहेरून फटीतून चारत राह्यतो. "कोणती आई चांगली?" सारा वर्ग वरडला, "धनेश!" मी उठलो. "कासवीन बरी, गुरुजी. तिच्या नवऱ्याले दुपारच्या सुट्टीत घरी पळा लागत नाही!"

वर्ग फुटला. काऊन की काकू, म्हंजे गुरुजींची बायको, लकव्यानं खाटेवर होत्या, अन् गुरुजी रोज सुट्टीत त्याईले भरवाले घरी पळत. गुरुजीबी हासले. म्हणे, "कासवीन वाईट नाही बापू. तिचे पाय पोहाचे हायेत, लिंपाचे नाहीत." मले चेव आला. "अन् नर आलाच नाही तं?" गुरुजी म्हणे, "चोच तिचीबी मजबूत असते. फोडते भिंत. पण आतमंधी पंख झडलेले असतात, लगेच उडता येत नाही."

टपरीवर सलीमच्या तोंडाकडं पाहताना मले माहा तोच प्रश्न आठवला, नर आलाच नाही तं?

तेरवी झाली, पाहुणे गेले. शेजारीण म्हणे, काकू कोणाच्याच हातून खात नाहीत, दोन घोट पाण्यावर हायेत. मंग मी दुपारच्या सुट्टीच्या टायमाले वाटीत वरण-पोळी कुस्करून गेलो. दारातून गुरुजींचा आवाज काढला, "घ्या, आ करा." मले वाटलं, हे काय करून बसलो बे मी!

मंग काकू, अर्ध्या तोंडानं, हळूच बोलल्या, "खोकला राह्यला."

मी विचारलं, "कोणता खोकला?"

"दारात आधी खोकत जाय ते. मी दचकू नाही म्हून."

मी बाहेर गेलो. खोकलो. परत आत आलो. काकूंनी तोंड उघडलं.

आता रोज खोकतो. काकू म्हणतात, अजून जमला नाही.